आप्पांची ट्रंक, भूतानचा रस्ता आणि ‘आपलाच एक तालुका’

राजहंसगड (धागाकर्ती)

परवा आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं लिहिलं, "भूतान म्हणजे काय, आपलाच एक तालुका समजा. आपण दिलं तर खातात." खाली अकरा अंगठे. मी काही बोलले नाही, पण रात्रभर ते डोक्यातनं जाईना. म्हणून इथं लिहितेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचे आप्पा येळ्ळूरचे. पुण्याला दिघीत ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या सरकारी दलात, भरती झाले आणि तिथनं थेट भूतानला, तिथल्या रस्त्यांच्या ‘दंतक’ प्रकल्पात. रोड रोलर चालवायचे. वर्षातनं एकदा भातकापणीला घरी यायचे. बाकी वर्षभर आम्हाला आप्पा म्हणजे मनीऑर्डर आणि अंतर्देशीय पत्र. रोलरच्या मागच्या चाकाला लाकडाची पाचर मारल्याशिवाय खाली उतरायचं नाही, ही घाटातली सवय त्यांना इतकी लागलेली, की गावात बैलगाडी सपाटीला उभी केली तरी चाकाखाली दगड सारायचे. लोक हसायचे.

रस्त्याचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागतं. १९५८ मध्ये नेहरू भूतानला गेले तेव्हा भारतातनं तिथं जायला गाडीरस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथु ला ओलांडायची, तिबेटच्या चुंबी खोऱ्यात उतरायचं आणि घोड्या-याकवरून पारोला पोचायचं. इंदिराबाई बरोबर होत्या. तुम्ही स्वतंत्र राहावं, आपल्या वाटेनं पुढं जावं, असं नेहरूंनी तिथल्या भाषणात लोकांना सांगितलं. पुढच्याच वर्षी ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि भूताननं तिबेटशी चालणारा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार थांबवला. उत्तरेचं दार लावलं, आणि दक्षिणेच्या दाराला वाटच नाही, अशी गत. १९६१ मध्ये दंतक उभं राहिलं. सीमेवरच्या फुंत्शोलिंगपासून राजधानी थिंफूपर्यंत रस्ता, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आधी पाच-सहा दिवसांची पायपीट होती, ती एका दिवसावर आली. आप्पा गेले तेव्हा मूळ रस्ता झालेला होता, पण डोंगरातला रस्ता कधी ‘झाला’ असं नसतं. दर पावसाळ्यात दरड येते आणि परत पहिल्यापासून.

आम्ही लहानपणी विचारायचो, "आप्पा, तो रस्ता तुमचा?" ते म्हणायचे, "रस्ता आमी केला म्हणून घर आमचं हुतंय काय गा? पावणे हाव आमी तितं."

आता ‘तालुका’. आपल्या बेळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर, भूतानचं ३८,३९४. म्हणजे जवळजवळ तीन बेळगाव. माणसं मात्र उलटी. आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेला ४८ लाखांच्या घरात, आणि तो अख्खा देश आठ लाखांच्या आत. आपल्या जिल्ह्यात आमदार १८, त्यांच्या राष्ट्रीय सभेत सभासद ४७. लोकशाहीही २००८ पासूनची, आणि तीसुद्धा राजानं स्वतः होऊन दिलेली. लोक नको म्हणत होते म्हणे.

तर प्रश्न असा. एवढा मोठा देश आणि एवढा छोटा, यांच्यात मैत्री म्हणतात ती असते कशी? की आपण पैसे देतो आणि ते मान डोलावतात, एवढंच?

---

किल्ला_तळं

ताई, आप्पांबद्दल आदर आहे. पण भावना जरा बाजूला ठेवूया.

नकाशा उघडा. सिलिगुडीजवळची आपली पट्टी सगळ्यात अरुंद जागी वीस-बावीस किलोमीटर. बेळगावहून निघालात तर खानापूरही येणार नाही, तेवढी. ती तुटली की ईशान्य भारत तुटला. आणि तिच्या डोक्यावर बसलंय चुंबी खोरं आणि भूतान. रस्ता १९६१ ला का सुरू झाला, १९४९ ला का नाही? चीन तिबेटात आला म्हणून. भूतानवर प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे.

२०१७ चं डोकलाम आठवा. चीन रस्ता पुढं सरकवायला लागला, जमीन भूतान आपली म्हणतो ती, आणि समोर जाऊन उभे राहिले आपले जवान. जूनच्या मध्यापासून २८ ऑगस्टपर्यंत. भूताननं एक निवेदन काढलं आणि पुढं जवळजवळ गप्पच. याला मैत्री म्हणा की गरज म्हणा, तुमची मर्जी.

---

राजहंसगड

गरज नाही असं मी कुठं म्हटलं? आमच्या शेजारच्या काकू रोज विरजण मागायला यायच्या. गरज होतीच. पण चाळीस वर्षं दोघींचं एकमेकींशिवाय पान हललं नाही.

---

निपाणीकर_मास्तर

किल्ला_तळं यांचं अर्धं बरोबर आहे. अर्धं राहिलंय ते कागदात आहे.

८ ऑगस्ट १९४९, दार्जिलिंग. भारत-भूतान मैत्री करार. त्यातलं कलम २ असं की भूतानच्या अंतर्गत कारभारात भारत ढवळाढवळ करणार नाही आणि परराष्ट्र व्यवहारात भूतान भारताच्या सल्ल्यानं चालेल. वर्षाला पाच लाख रुपये द्यायचे ठरले आणि इंग्रजांनी घेतलेला देवनगिरीचा मुलूख परत दिला. ‘सल्ल्यानं चालेल’ हे शब्द भूतानला टोचत होते, पण त्यांनी कधी आदळआपट केली नाही. हळूहळू वाट काढली. १९७१ ला संयुक्त राष्ट्रांत गेले, तेही भारताच्या पाठिंब्यानं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला, लढाई चालू असतानाच, बांगलादेशाला मान्यता दिली.

आणि १९७५ ला शेजारचं सिक्कीम भारतात विलीन झालं. आपल्याकडं ही बातमी आनंदाची. थिंफूत बसून ती कशी वाचली असेल बघा. राजघराणं तसंच, करारही तसलेच.

म्हणून २००७ चं महत्त्व. त्या फेब्रुवारीत करार नव्यानं झाला आणि ‘सल्ल्यानं चालेल’ हे वाक्य उडालं. त्या जागी आलं ते असं, की राष्ट्रहिताच्या बाबतीत दोघं एकमेकांना जवळून सहकार्य करतील, आणि आपली जमीन दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध वापरू देणार नाहीत. वर्षभरात तिथं पहिली निवडणूक. म्हणजे नवी लोकशाही जन्माला यायच्या आत मोठ्यानं आपला वरचा हात कागदावरून तरी काढून घेतला. हे कुणी लक्षात घेत नाही.

---

चोर्ला_घाट

कागद राहू द्या. मी गेलोय तिथं गेल्या वर्षी, सहा जण, बागडोगऱ्यावरून. जयगाव हे आपलं गाव, फुंत्शोलिंग त्यांचं, मध्ये एक रंगीत कमान. या बाजूला हॉर्न, चहाच्या टपऱ्या, पान थुंकलेल्या भिंती. कमानीतनं आत गेलं की हॉर्न बंद. खरंच बंद. झेब्रा पट्ट्यावर पाय ठेवला की गाडी थांबते. घड्याळ अर्धा तास पुढं. आमच्यातल्या एकानं सवयीनं पिचकारी मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, तो प्रवासातला सगळ्यात मोठा चमत्कार.

पण माणशी रात्रीला १२०० रुपये ‘शाश्वत विकास शुल्क’. सहा जण, पाच रात्री, करा हिशोब. आम्ही रस्ते बांधायचे, यांची नोटही आमच्या रुपयाला बांधलेली, आणि मित्राकडनंच पैसे?

---

गोकाक_करदंट

माझी मातृभाषा कन्नड, मराठी शेजाऱ्यांकडनं आणि बायकोकडनं शिकलेली. चूकभूल माफ असावी.

चोर्ला_घाट, गोव्यात तुम्हाला कुणी पैसे मागत नाही, म्हणून गोव्याचं काय झालं ते बघून येता ना दर महिन्याला? भूतानात औषधपाणी आणि शाळा लोकांना फुकट. इतर देशांच्या पर्यटकाला रोजचे १०० डॉलर आहेत. भारतीयाला १२०० रुपयेच. २०२० च्या आधी तर भारतीयाला काहीच नव्हतं.

मी आयुष्यभर वीजघरात काढलं, म्हणून विजेचं सांगतो. खरी मैत्री बघायची तर चुखाला बघायची.

चुखा हे भूतानातलं वीजघर, ३३६ मेगावॅटचं. आपल्या आलमट्टीचं वीजघर २९०, म्हणजे चुखा त्याहून मोठं. ऐंशीच्या दशकात उभं राहिलं. सगळा पैसा भारताचा, त्यातला ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. भूतानला लागेल तेवढी वीज भूतानची, उरलेली भारत विकत घेणार. त्या देशाच्या तिजोरीत पहिल्यांदा स्वतःच्या कमाईचा खळखळाट झाला तो त्यामुळं. मग ताला, १०२० मेगावॅट, तसलाच हिशोब. इथपर्यंत गोड.

पुढं प्रमाण उलटलं. मांगदेछू, ७२० मेगावॅट, त्यात अनुदान ३० टक्के आणि कर्ज ७०, व्याज १० टक्के. पुनात्सांगछू-१ तर १२०० मेगावॅटचं. २०१३ मध्ये धरणाच्या उजव्या काठाचा डोंगरच सरकायला लागला. काम रखडलं, खर्च कितीतरी पटींनी गेला आणि व्याज चढत राहिलं. पुनात्सांगछू-२ चं उद्घाटन नोव्हेंबर २०२५ ला झालं एकदाचं.

आणखी एक गंमत. ही सगळी वाहत्या पाण्यावरची वीजघरं, मोठा साठा नाही. हिवाळ्यात नद्या आटतात आणि तोच भूतान आपल्याकडनं वीज विकत घेतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात विकायची, हिवाळ्यात घ्यायची. दर कोण ठरवणार, यावर घासाघीस होते. व्हायलाच पाहिजे. मोठं गिऱ्हाईक एकच असलं की विकणाऱ्याची झोप उडते. आमच्याकडं ऊस घालणाऱ्याला विचारा.

---

किल्ला_तळं

ऊस 😄 कबूल.

पण दोन देशांना नदी जमते तरी. आपल्या खानापूर तालुक्यात उगवणाऱ्या म्हादईचं बघा. लवादानं २०१८ ला निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. तीन राज्यं, एक देश, एक संविधान. अजून भांडण मिटलेलं नाही.

---

सुभेदार_निवृत्त_मच्छे

मराठा लाईट इन्फंट्री. टायपिंग नातवाचं, बोलणं माझं.

भूतानात ‘हा’ नावाचं गाव हाय, तितं आपली ट्रेनिंग टीम हाय, १९६२ च्या सुमारापासनं. भूतानी शिपाई घडवायचं काम. आमच्यातले काही जण जाऊन आलेत. थंडी अशी की ओली चड्डी वाळत घातली की पापड.

२००३ सांगतो. उल्फा, बोडोवाले, कामतापूरवाले, या तिन्ही बंदूकवाल्या फुटीर संघटनांनी भूतानच्या दक्षिणेच्या रानात तळ टाकलेले. इकडं आसामात मारायचं, तिकडं जाऊन बसायचं. भारत वर्षानुवर्षं सांगूलाय, काढा म्हणून. भूताननं आदी बोलणी केली, सहा वर्षं. लोकास्नी वाटलं टाळूलेत. डिसेंबरात उठले आणि सगळे तळ मोडले. फौज केवढी, काही हजार. राजा स्वता पुढं. आपल्या फौजेनं सीमा बंद केलती, पण आत शिरली न्हाई. हे ध्यानात ठेवा. आत जायाला काय अवघड होतं? पण त्यांचं घर त्यांनी झाडलं.

---

निपाणीकर_मास्तर

सुभेदारसाहेब, लाख बोललात. आता मोठ्याकडून झालेली चूकही सांगतो, नाहीतर आपण आपलीच आरती ओवाळत बसू.

जुलै २०१३. भूतानात दुसरी सार्वत्रिक निवडणूक. आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान रिओच्या परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते, आणि दिल्लीला ते झोंबलं असं सगळे म्हणत होते. मतदान काही दिवसांवर आलं आणि भूतानला मिळणाऱ्या घरगुती गॅस आणि रॉकेलवरची भारताची सवलत बंद. कारण सांगितलं गेलं योजनेची मुदत संपल्याचं. सिलिंडर एका दिवसात दुपटीच्या वर. थिंफूतल्या बाईनं चुलीवर भात ठेवताना काय म्हटलं असेल? सरकार पडलं, विरोधक आले. थोड्या आठवड्यांत सवलत परत सुरू झाली. हेतू काय होता ते दिल्लीला ठाऊक, पण डाग राहिला. नव्या लोकशाहीतल्या मतदाराला कळलं की आपल्या चुलीची कळ दुसऱ्याच्या हातात आहे.

त्याच्या उलट २०१५. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ, चौघांनी थिंफूत मोटारवाहतुकीचा करार केला. एकमेकांच्या गाड्या एकमेकांच्या देशात. भूतानच्या वरच्या सभागृहानं तो फेटाळला. कारण साधं, आमच्या एवढ्याशा रस्त्यांवर तुमचे ट्रक झेपणार नाहीत. भूतान सरकारनं सांगितलं, तुम्ही तिघं पुढं व्हा, आम्ही मागनं बघू. दिल्लीनं ऐकून घेतलं. गॅस बंद झाला नाही की वीज अडली नाही. राजहंसगडताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन वर्षांच्या मध्ये कुठंतरी आहे.

---

चंदगडी_काजू

विषयाला थोडं वळण देऊ का? मॉरिशस. तिथं तर आपले मराठी आहेत! कोकणातनं उसाच्या मळ्यांवर नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. स्वातंत्र्यदिन १२ मार्च, दांडीयात्रा निघाली तो दिवस म्हणून मुद्दाम धरलेला. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, निवडणुका वेळच्या वेळी, सरकारं बदलतात. चागोस बेटांच्या प्रश्नावर २०१९ ला संयुक्त राष्ट्रांत भारतानं ब्रिटनविरुद्ध मॉरिशसच्या बाजूनं मत दिलं. आणि २०२४ ला अगालेगा बेटावर आपण बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं. तिथंही स्थानिक लोक विचारत होतेच, ही धावपट्टी कुणासाठी?

---

किल्ला_तळं

बघा, फिरून फिरून भोपळे चौक! मोठा देतो, छोटा विचारतो ‘कुणासाठी’.

---

काळी_माती

सगळे शहाणे जमलेत. परदेशातल्या छोट्याचा मान राखायच्या गोष्टी करताय, आणि इथं आपल्या दुकानावरची मराठी पाटी उतरवायला लावतात त्याचं काय? १९५६ पासनं

*(पुढचा मजकूर हलवला आहे.)*

---

कट्टा_चालक

काळी_माती, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो सतराशे प्रतिसादांवर गेलाय, तिकडं या. तुमचं म्हणणं चूक-बरोबर याबद्दल हा निर्णय नाही. इथं भूतान.

---

अनगोळची_सून

लशीचं कुणीच बोललं नाही? जानेवारी २०२१ मध्ये पुण्याची लस परदेशी निघाली तेव्हा पहिल्यांदा पोचली ती भूतान आणि मालदीवला. भूतानला आधी दीड लाख डोस, मार्चमध्ये आणखी चार लाख. तेव्हा आमच्या सासूबाईंचा इथला नंबरही लागला नव्हता, घरात त्यावरून कुरकुर झालेली आठवते. तर त्या लोकांनी लस घेतली आणि दोन महिने ठेवून दिली! का, तर सगळ्यांना पुरेल एवढी लस येऊ दे, आणि मुहूर्त. २७ मार्चला, माकडवर्षात (तिथल्या पंचांगात वर्षांना प्राण्यांची नावं असतात) जन्मलेल्या बाईच्या हातून, माकडवर्षात जन्मलेल्या बाईलाच पहिली सुई. आणि मग दोन आठवड्यांत जवळपास सगळ्या मोठ्या माणसांना टोचून मोकळे. आपल्याकडं मुहूर्त बघतात आणि कामही लांबतं, तिथं मुहूर्त बघून काम उरकतं.

पण दुसऱ्या डोसाला आपल्याकडं एप्रिल-मेची ती भयंकर लाट, निर्यात बंद. तेव्हा त्यांना अमेरिकेनं, डेन्मार्कनं वगैरे दिली. भूताननं त्याबद्दल ब्र काढला नाही.

---

खानापूर_रान

इतके दिवस वाचत होतो. आता एक कडू गोष्ट लिहितो, राग येऊ नये.

तुम्ही सगळे छोट्या देशाच्या बाजूनं बोलताय. छोट्या देशातही कुणीतरी अजून छोटं असतं.

भूतानच्या दक्षिणेला नेपाळी बोलणारे लोक, ल्होत्शाम्पा म्हणतात त्यांना. शेती करणारे, हिंदू, पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९८५ ला नागरिकत्वाचा कायदा आला आणि १९८८ च्या शिरगणतीला त्यांना १९५८ सालचा कागद मागितला. त्या वर्षी कर भरल्याची पावती. १९५७ ची चालत नाही, १९५९ ची चालत नाही. ज्यांच्याकडं नाही ते परके. १९८९ पासून घो आणि कीरा हा पोशाख सक्तीचा झाला, शाळांतनं नेपाळी भाषा काढली. निदर्शनं झाली, हिंसाही झाली, मग लष्कर. लाखभर माणसं बाहेर पडली. देशाच्या दर सहा-सात माणसांत एक, असा हिशोब सांगतात. ती भारतातनं, जयगाववरून, आसामातनं गेली आणि नेपाळच्या मुख्यतः झापा जिल्ह्यात छावण्यांत राहिली. सतरा-अठरा वर्षं. २००७ पासून अमेरिकेनं आणि इतर देशांनी त्यांना नेलं.

भारत काय म्हणाला? हा भूतान आणि नेपाळचा आपसातला प्रश्न. ज्यांच्या रस्त्यानं ती माणसं गेली तो आपला देश.

सिक्कीमची भीती होती, गोरखालँडचं आंदोलन शेजारीच पेटलं होतं, हे मला माहीत आहे. मास्तरांनी १९७५ सांगितलंच. पण मोठ्यानं छोट्याच्या घरात बोलायचं नाही, हे तत्त्व जेव्हा आपण इतकं वाखाणतो, तेव्हा त्या गप्प बसण्याची किंमत कुणी मोजली तेही लिहावं की.

---

निपाणीकर_मास्तर

खरं आहे. मी वर लिहिताना ते टाळलं. मुद्दाम नाही, पण टाळलं.

---

सुभेदार_निवृत्त_मच्छे

फौजेतल्या माणसानं यावर बोलू नये. पण रस्त्यावर खडी फोडणारे ते नेपाळीच जास्त असायचे. एवढं मला माहीत हाय.

---

राजहंसगड

तीन दिवस इथं आले नव्हते. खानापूर_रान यांचा प्रतिसाद वाचला आणि माळ्यावरची आप्पांची ट्रंक काढली.

आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. ट्रंक मी एकदाच उघडली होती, पेन्शनच्या कागदांसाठी. वर खाकी स्वेटर, त्याखाली डांबरानं काळा पडलेला हातमोजा, एकच. एक न्गुलत्रुमची नोट, तिला आप्पा ‘भूतानी रुपया’ म्हणायचे. आणि दोऱ्यानं बांधलेली पत्रं. बहुतेक आईची. त्यात एक वेगळं होतं.

आप्पा त्यांच्या गँगमधल्या एकाबद्दल नेहमी बोलायचे. पोरवयापासून रस्त्यावर खडी फोडणारा, पुढं मुकादम झालेला. दरड यायच्या आधी त्याला कळायचं म्हणे, डोंगर ‘पोटात बोलतो’ असं तो सांगायचा. एकदा त्यानं ओरडून आप्पांना रोलरवरून उडी मारायला लावली होती. रोलर गेला खाली, आप्पा राहिले. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलीय. मग कधीतरी आप्पा ती सांगायचे बंद झाले. आम्ही मोठे झालो होतो, लक्षात आलं नाही.

पत्र त्याचं आहे. हिंदीत, कुणाकडनं तरी लिहून घेतलेलं, कारण खाली अंगठा आहे. वर पत्ता: बेलडांगी छावणी, झापा, नेपाळ. १९९२. आप्पा तोवर निवृत्त होऊन शेती बघत होते.

चार ओळी खुशाली. मग असं, की आमच्याकडं १९५८ ची पावती मागतात, बापानं भरली होती पण घर गेलं तेव्हा गेली. तुमच्या साहेबांकडून एवढं लिहून आणा, की हा माणूस १९६२ पासून या रस्त्यावर कामाला होता. उद्या परत जायची वेळ आली तर काहीतरी हातात असावं.

मी इतिहास शिकवला छत्तीस वर्षं. १९६२ चा दाखला १९५८ च्या पावतीच्या जागी चालला नसता, हे मला दिसतंय. त्याला कळलं नसेल, किंवा कळूनही लिहिलं असेल.

त्याच पाकिटात वहीचा एक कागद आहे, आप्पांच्या अक्षरात. त्यांचं हिंदी म्हणजे मराठीच, शेवटी ‘है’ लावलेलं. "प्रिय भाई, तुम्हारा पत्र मिला. मैं अब नोकरी में नही है. साहेब को लिखा है, जवाब आया तो" — इथं संपतं. पुढं काही नाही. पेनातली शाई संपली असंही नाही, शेवटचा शब्द ठळक आहे.

साहेबांना खरंच लिहिलं होतं का, उत्तर आलं का, हे सांगणारं आता कुणी नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, "त्या वर्षी तुझा बाप भात मळताना कुणाशी बोलायचा न्हाई."

---

चोर्ला_घाट

१२०० रुपयांचं लिहिलं होतं ते वाचून आता कसंतरी वाटतंय.

---

अनगोळची_सून

ताई 🙏 काय बोलू.

---

किल्ला_तळं

नकाशात हे दिसत नाही, मान्य.

---

काळी_माती

कागदाचं दुखणं आमच्या घरानं बघितलंय. जास्त लिहीत नाही, नाहीतर परत हलवाल.

---

कट्टा_चालक

हलवत नाही.

---

गोकाक_करदंट

माझा मुलगा अमेरिकेत ओहायोमध्ये कोलंबसला असतो. तिथं भूतानहून गेलेले नेपाळी पुष्कळ आहेत, किराण्याची दुकानं, मंदिर सगळं आहे. तो ज्या दुकानातनं मसाले आणतो ते एका बेलडांगीच्याच माणसाचं, असं मागं एकदा म्हणाला होता. मुकादमाचं वय बघता तो स्वतः असेल-नसेल. पण त्याची मुलं? नाव, गाव, बापाचं नाव असं काही पत्रात असेल तर मुलाला सांगून विचारून बघतो. जाहीर टाकू नका इथं.

---

राजहंसगड

नाव आहे. मुलीचंही आहे, तिच्या लग्नाला आप्पांनी पन्नास रुपये पाठवले होते, त्याचा उल्लेख आहे. गाव गेलेफूच्या जवळचं.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.